केविनने तो झेल घ्यायला नको होता : 'पॅरेंटहूड' (१९८९) आणि आईबापांचं प्रगतिपुस्तक

पाणवठा :

रॉन हॉवर्डचा 'पॅरेंटहूड' परवा रात्री पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा लग्नही झालं नव्हतं, आणि स्टीव्ह मार्टिनच्या करामतींवर पोट धरून हसलो होतो. आता मुलगा पंधरा वर्षांचा आहे. या खेपेलाही हसू आलं, पण एका जागी अडलो. दोन दिवस झाले तरी तिथेच अडलेलो आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सेंट लुई शहरातलं बकमन कुटुंब. गिल, हेलन, सूझन आणि लॅरी ही चार भावंडं, आणि त्यांचे वडील फ्रँक (जेसन रोबार्ड्स). गिल म्हणजे स्टीव्ह मार्टिन. लहानपणी वडील त्याला बेसबॉलच्या सामन्याला घेऊन जायचे आणि तिथल्या एका कामगाराच्या हवाली करून स्वतः निघून जायचे. ती सल गिलच्या मनातून गेलेली नाही. आपण असा बाप व्हायचं नाही, ही त्याची आयुष्यभराची शपथ. आणि नेमका त्याचाच थोरला, नऊ वर्षांचा केविन, सतत घाबरलेला, चिंतेने पोखरलेला निघतो. शाळा बोलावून सांगते की मुलाला भावनिक अडचणी आहेत, वेगळी व्यवस्था करावी लागेल.

गिल मुलांच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. एका सामन्यात तो केविनला सेकंड बेसवर, म्हणजे मैदानातल्या एका महत्त्वाच्या जागी, उभा करतो. मुलाला ती जागा नको असते. उंच उडालेला सोपा चेंडू येतो, केविनच्या हातून सुटतो, संघ हरतो. पुढे दुसऱ्या एका सामन्यात तसाच चेंडू येतो आणि या वेळी केविन झेलतो. गिल मैदानभर नाचतो. प्रेक्षकही मनातल्या मनात नाचतात. पहिल्यांदा मीही नाचलो होतो.

आता माझं म्हणणं असं आहे की केविनने तो झेल घ्यायला नको होता.

कारण त्या क्षणापर्यंत हा चित्रपट एक फार धाडसी गोष्ट सांगत आलेला आहे : तुम्ही जीव ओतलात म्हणून मूल सावरेलच असं नाही, आणि मूल कोलमडलं म्हणजे तुम्हीच चुकलात असंही नाही. गिलची दोन दिवास्वप्नं आठवा. एकात केविन पदवीदान समारंभात भाषण करतोय आणि सगळं श्रेय बाबांना देतोय. दुसऱ्यात तोच केविन विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढून गोळ्या झाडतोय आणि लोक म्हणतायत, बापानेच याची वाट लावली. दोन्ही स्वप्नांत केविन कुठेच नाही. दोन्हीकडे गिलचंच प्रगतिपुस्तक आहे. चित्रपटाला हे नीट कळलेलं आहे. आणि एवढं कळूनही शेवटाकडे येताना तो तेच प्रगतिपुस्तक उघडतो आणि त्यावर 'उत्तीर्ण' असा शिक्का मारून गिलच्या हातात देतो.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. तीन वर्षांपूर्वी त्याने हट्टाने वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. अर्ध्यावर शब्द अडला तो अडलाच. पुरतं दीड मिनिट तो व्यासपीठावर उभा होता आणि मी खाली मुठी आवळून बसलो होतो. खाली उतरल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल? "बाबा, तुम्हाला लाज वाटली का?" त्याला स्वतःचं दुःख करायलाही सवड मिळाली नव्हती, कारण माझा चेहरा वाचण्यात तो गुंतला होता. त्या दिवसापासून मी मुलांच्या यशावर नाचणाऱ्या बापांकडे वेगळ्या नजरेने बघतो. स्वतःकडेही.

चेंडू दुसऱ्यांदाही सुटला असता, आणि गिल तसाच मैदानात जाऊन केविनजवळ उभा राहिला असता, तर चित्रपट आपल्या शब्दाला जागला असता. तुम्हाला काय वाटतं?

दोन_लेकरांची_आई :

अजिबात पटलं नाही. मनापासून सांगते, तुमच्या मुलाचा प्रसंग वाचून गलबलून आलं. पण त्यावरून जो निष्कर्ष काढलाय तो मला कठोर वाटतो.

मुलाने झेल घेतला म्हणून बाप नाचला, यात बिघडलं काय? तो झेल येतो तेव्हा गिलची अवस्था काय आहे ते बघा. कामावर बढती दुसऱ्याला गेलेली, रागाच्या भरात नोकरी सोडलेली, घरी येतो तर बायको कॅरन सांगते की चौथं मूल येतंय. दोघांचं कडाक्याचं वाजतं. मैदानावर जायलाच हवं का, असं ती विचारते तेव्हा तो म्हणतो की त्याचं सगळं आयुष्यच 'हवंच' मध्ये गेलंय. अशा वेळी त्या माणसाला पाच सेकंदांचा आनंद मिळाला तर तोही आपण काढून घ्यायचा? माझ्या धाकटीला दमा आहे. लहान असताना सलग सहा रात्री खोकल्याविना गेल्या तेव्हा सातव्या सकाळी मी स्वयंपाकघरात एकटी नाचले होते. ते माझं प्रगतिपुस्तक नव्हतं हो. लेकरू बरं होतं म्हणून नाचले.

आणि चित्रपट तिथे संपत नाही. त्यानंतर आजीची रोलर कोस्टरची गोष्ट आहे, शाळेतलं नाटक आहे. नाटकात काय होतं? ताईला कुणी त्रास देतंय असं वाटून धाकटा जस्टिन थेट रंगमंचावर धावतो आणि सगळा देखावा कोसळतो. म्हणजे झेल घेऊन काही सुटलेलं नाही. एक मूल सावरलं, दुसऱ्याने गोंधळ घातला. हेच तर खरं आहे.

जुनी_रीळं :

आजीची गोष्ट कुणी तरी काढणारच होतं! न पाहिलेल्यांसाठी : आजी सांगते की तरुणपणी नवऱ्याबरोबर ती रोलर कोस्टरमध्ये बसायची, भीतीने पोटात गोळा यायचा आणि तरी मजा यायची. काहींना गोल फिरणारं चक्र आवडतं, तिला मात्र ही वरखालीच आवडली. गिलला त्या वेळी हे तत्त्वज्ञान नकोसं होतं. कॅरनला ते लगेच उमजतं.

मग नाटकाच्या वेळी हॉवर्डने काय केलंय ते कान देऊन ऐका. रंगमंचावर गोंधळ सुरू होतो आणि त्यात रोलर कोस्टरच्या रुळांचा खडखडाट मिसळतो. गिल खुर्चीतल्या खुर्चीत हेलकावे खातो. आधी चेहऱ्यावर भीती, मग हळूहळू हसू. संवाद एकही नाही. पाणवठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकाने झेलात दिलेलं नाही, या हेलकाव्यात दिलंय. झेल म्हणजे चढण. ती नसेल तर उताराला अर्थ राहत नाही.

एक जोड. मनोऱ्यावरच्या स्वप्नावर १९८९चा अमेरिकन प्रेक्षक नुसता हसला नसणार. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिनला विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका तरुणाने खरोखर असा गोळीबार केला होता. गिलच्या पिढीच्या मनात ते चित्र कोरलेलं होतं. हॉवर्डने ते एका विनोदी चित्रपटात आणलं, आणि बापाच्या मनातली सर्वांत काळी भीती हसत हसत उघडी केली. बाप असलेला प्रेक्षक तिथे हसतो आणि लगेच ओशाळतो.

सडेतोड :

धागाकर्त्यांपेक्षा माझी तक्रार मोठी आहे. झेल सोडा, शेवट बघा. अख्खं खानदान प्रसूतिगृहात जमलंय, जिकडेतिकडे बाळं, सगळे प्रसन्न. दोन तास मूल वाढवणं किती जीवघेणं असतं हे दाखवायचं आणि शेवटी त्यावर औषध म्हणून आणखी मुलं द्यायची! चौथं मूल हवं की नको, हा गिल आणि कॅरनमधला खराखुरा प्रश्न होता. त्यावर ते जे बोलतात ते १९८९च्या कौटुंबिक विनोदी चित्रपटाच्या मानाने फार धीट होतं. मग तो प्रश्न आजीच्या एका गोष्टीने मिटवून टाकायचा? ज्या बाईला पेलत नाही, तिने काय करायचं? रोलर कोस्टर आवडत नाही म्हणणारा माणूस या चित्रपटात भित्रा ठरतो. मला हे मान्य नाही.

दोन_लेकरांची_आई :

@सडेतोड, कॅरनला ते मूल हवं आहे. तिच्यावर कुणी लादलेलं नाही. पेलत नाहीये ते गिलला.

सडेतोड :

हवं आहे, मान्य. पण तिला हवं आहे म्हणून चित्रपट त्याच्या 'पेलत नाही'ला उत्तर देत नाही, नुसता त्याला हसायला शिकवतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

फळा_आणि_खडू :

मी गेली अठरा वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. या चर्चेत जी गोष्ट कुणीच काढली नाही ती काढते, आणि जरा सविस्तर लिहिते.

शाळेतला तो प्रसंग पुन्हा पाहा. केविनला मदतीची गरज आहे असं शाळा सांगते आणि आईबापांवर आकाश कोसळतं. गिल लगेच कारणं शोधू लागतो, कुणामुळे झालं, कुणाच्या घराण्यातून आलं. हे अगदी खरं आहे. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी पालकांचा चेहरा मी असाच पडताना पाहिलाय. प्रसंग उत्तम लिहिलाय, उत्तम वठवलाय. पण त्यानंतर अख्ख्या चित्रपटात 'विशेष वर्ग' हा शब्द फक्त धोक्यासारखा लटकत राहतो. जणू तिथे पोहोचणं म्हणजे हरणं, आणि झेल घेणं म्हणजे तिथून सुटणं.

अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सार्वजनिक शाळेत त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, आणि शक्य तितकं इतर मुलांबरोबरच मिळालं पाहिजे, असं त्यात ठरलं. गंभीर भावनिक अडचणी असलेली मुलंही त्यात होती. त्याआधी अशी लाखो मुलं एक तर शाळेबाहेर होती, नाही तर वर्गात कोपऱ्यात बसवलेली. म्हणजे केविनसमोर जे दार उघडं होतं ते कुणी तरी झगडून मिळवलेलं दार होतं. चित्रपटाला ते शिक्षेचं दार वाटतं.

म्हणून पाणवठा यांच्याशी मी सहमत आहे, पण कारण माझं वेगळं. झेल घेतल्याने चिंता जात नाही. चिंताग्रस्त मूल एखाद्या दिवशी छान खेळतं, त्या रात्री घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढच्या आठवड्यात मुलाचं पुन्हा पोट दुखू लागलं की दुप्पट खचतात. "त्या दिवशी तर किती छान केलंस, मग आज काय झालं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकताना हात थरथरतात. त्या मुलाला वाटतं, तो चांगला दिवस आलाच नसता तर बरं झालं असतं.

पाणवठा :

ताई, हे शेवटचं वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं.

जुनी_रीळं, हेलकाव्याचं तुम्ही दाखवलंत ते मला मान्य आहे. तो प्रसंग चित्रपटातला सर्वोत्तम आहे. पण तो आधीच्या झेलामुळे सोपा होतो. मुलगा सावरलाय हे कळल्यावर रुळांवर हसणं कुणालाही जमेल. न सावरलेल्या मुलाचा हात धरून गिल हसू शकला असता का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न चित्रपटाने टाळलाय.

चांदणगोंदण :

तुम्ही सगळे गिल-गिल करताय. हेलनचं कुणी नावही घेत नाही!

डायन वीस्टची हेलन. घटस्फोट झालेली, बँकेत नोकरी करणारी, एकटीने दोन मुलं सांभाळणारी. लेक ज्युली शाळा संपायच्या आत टॉडशी (कियानू रीव्ह्ज, तेव्हा विशीतला) लग्न करून बसते. मुलगा गॅरी खोलीला कडी लावून बसतो, कागदी पिशवी छातीशी धरून फिरतो, बोलत नाही. ही भूमिका आज ज्याला आपण वाकिन फीनिक्स म्हणून ओळखतो त्याने केली आहे. तेव्हा तो चौदाच्या आसपास होता आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव 'लीफ' असं आहे. हा गॅरी वडिलांना फोन करून विचारतो, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? वडील नाही म्हणतात. त्या मुलाचा तो चेहरा मी विसरू शकलेले नाही. वीस्टला या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, आणि ते पुरेपूर योग्य होतं.

मी एकटी आई आहे. माझ्या मुलानेही तेराव्या वर्षी असाच फोन केला होता. असंच उत्तर मिळालं होतं. दाराबाहेर उभी राहून मी ऐकत होते आणि आत जायचं की नाही हे मला कळत नव्हतं. त्यामुळे मैदानावरचा झेल बरोबर की चूक यावर तुम्ही वाद घालताय, तो मला पोट भरलेल्यांचा वाद वाटतो, माफ करा. गिलकडे कॅरन आहे. हेलनकडे कोण आहे? ज्याला ती जावई म्हणून घरात घ्यायला तयार नव्हती तोच टॉड गॅरीशी बोलतो, तुला वाटतंय त्यात वावगं काही नाही, त्या वयात सगळ्यांचं तसंच असतं, असं समजावतो. आणि नंतर तिला स्वतःच्या बापाबद्दल सांगतो, जो सकाळी नाश्ता करून दे म्हणून पोराच्या डोक्यावर पेटती सिगारेट फेकून त्याला उठवायचा. कुत्रा पाळायला, गाडी चालवायला, मासे धरायलासुद्धा परवाना लागतो आणि बाप व्हायला मात्र काहीच लागत नाही, असं तो म्हणतो. सगळ्या चित्रपटातलं सर्वांत शहाणं बोलणं ज्याला सगळे वाया गेलेला समजतात त्याच्या तोंडी आहे.

हेलनच्या गोष्टीत झेल नाही. तिचा मुलगा थोडासा हसू लागतो, एवढंच. पाणवठा, तुम्हाला हवा तो चित्रपट त्याच चित्रपटात आहे. तुम्ही शेजारच्या खोलीत बघितलं नाहीत.

जुनी_रीळं :

चांदणगोंदण, उभं राहून टाळ्या. लोवेल गँझ आणि बाबालू मँडेल यांच्या पटकथेचं बळ यातच आहे, एकाच घराची चार दारं. सूझन आणि नेथनचं दार तर वेगळाच अभ्यास आहे. नेथन (रिक मोरॅनिस) तीन-चार वर्षांच्या लेकीला, पॅटीला, ठिपक्यांची पत्ती (कार्ड) दाखवून वर्गमूळ विचारतो. अतिशयोक्ती वाटते, पण ठिपक्यांच्या पत्त्या अमेरिकेत खरोखर होत्या. फिलाडेल्फियाच्या ग्लेन डोमन यांनी तान्ह्यांना वाचन आणि गणित शिकवायच्या पद्धती काढल्या होत्या, आणि ऐंशीच्या दशकात हुशार मध्यमवर्गीय आईबाप त्यांच्या मागे होते. मग सूझन तशाच पत्त्यांवर एकेक शब्द लिहून नवऱ्याला सांगते की मी तुला सोडून चालले. हसावं की रडावं कळत नाही.

सडेतोड :

हेलनचा मुद्दा मान्य. पण शेवटी तिचंही जीवशास्त्राच्या शिक्षकाशी लग्न लावून तिला प्रसूतिगृहात आणलंच ना? एकटी आई एकटी राहूनही ठीक असू शकते, एवढी मोकळीकही चित्रपटाने तिला दिली नाही.

चांदणगोंदण :

हे मलाही खुपतं. खोटं बोलणार नाही. पण तिला कुणी तरी भेटलं याचा मला आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाचीही मला लाज वाटत नाही.

दोन_लेकरांची_आई :

पाणवठा यांच्या प्रश्नाकडे परत येते, कारण रात्रभर तो डोक्यात होता. न सावरलेल्या मुलाचा हात धरून हसणं जमेल का, असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर चित्रपटात आहे. ते गिलकडे नाही, फ्रँककडे आहे.

लॅरी सत्ताविशीचा झाला तरी जुगारी, कर्जबाजारी. वसुलीवाले जिवावर उठलेत. फ्रँक, तोच वाईट बाप, गिलकडे येऊन बसतो आणि काय करू विचारतो. सांगतो की तू दोन वर्षांचा असताना तुला पोलिओ झालाय असं वाटलं होतं, आठवडाभर कळत नव्हतं, आणि इतकी काळजी करायला लावलीस म्हणून मला तुझा राग आला होता. केवढं कबूल करतो तो! हा राग समजायला तो काळ आठवावा लागतो. अमेरिकेत १९५२ साली पोलिओची जवळजवळ ५८ हजार मुलं-माणसं नोंदली गेली. जोनास साल्क यांची लस आली १९५५ साली. उन्हाळा आला की आईबाप मुलांना पोहायला पाठवत नसत. अशा काळात दोन वर्षांच्या पोराला ताप भरला की बापाच्या काळजाचं काय होत असेल? आणि मग तो म्हणतो की हे कधी संपत नाही. मूल वाढवण्याच्या खेळात शेवटची रेषा नसते, जी ओलांडून नाचावं.

नाचावं! हा शब्द बघा. ज्या चित्रपटात गिल नाचतो त्याच चित्रपटात त्याचा बाप सांगतो की नाच शेवटचा नसतो. दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्यांनी जाणून लिहिल्यात. आणि शेवटी लॅरी काय करतो? बापाने सुचवलेली वाट न धरता नव्या खुळाच्या मागे चिलीला निघून जातो, आणि आपला पोरगा आजीआजोबांकडे सोडून जातो. फ्रँक त्या नातवाला ठेवून घेतो. न सावरलेलं मूल, सुटलेला चेंडू, आणि म्हातारा बाप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय. तुम्हाला याहून वेगळं काय हवं होतं?

पाणवठा :

खरं सांगू? याला माझ्याकडे उत्तर नाही. लॅरीला मी विनोदी जोड म्हणून बाजूला ठेवलं होतं. तुम्ही लिहिल्यावर कळलं की सुटलेला चेंडू म्हणजे तोच.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. फ्रँकचा लॅरी मोठा माणूस आहे. केविन नऊ वर्षांचा आहे. मोठ्याच्या अपयशाशी जुळवून घेणं आणि लहान मुलाच्या अपयशाशी जुळवून घेणं यांत फरक आहे. लहान मूल अजून आपल्याकडे बघत असतं.

फळा_आणि_खडू :

इथे डोनाल्ड विनिकॉट यांची आठवण होते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली. आई बाळाची गरज सुरुवातीला जवळजवळ पूर्ण भागवते आणि मग हळूहळू, बाळाला झेपेल तेवढीच, कमी पडत जाते. हे कमी पडणं बाळाच्या वाढीसाठी लागतं. गिलला कमी पडायचंच नाहीये. वाढदिवसाला बोलावलेला काउबॉय आला नाही तर हा स्वतः काउबॉय होतो, घरातल्या वस्तूंचा पोशाख चढवून. तो प्रसंग धमाल आहे, मीही खूप हसते. पण केविनला एकदा तरी वाईट वाढदिवस साजरा करून बघू द्या, असं मला त्या बापाला सांगावंसं वाटतं.

दोन_लेकरांची_आई :

ताई, तुम्हाला मान आहे, पण हे मी मानणार नाही. घाबरट मुलाच्या वाढदिवसाला वर्गातली वीस पोरं जमलीत, येणारा माणूस आलेला नाही, आणि बापाने सिद्धान्त आठवून हात बांधून बसायचं? पडद्याचा पोशाख करून का होईना, उठायचं. मी उठले असते.

फळा_आणि_खडू :

उठले असते मीही. स्वतःच्या मुलाच्या वेळी उठलेच होते. म्हणून तर बोलते आहे.

रानवाट :

पहिल्यांदाच लिहितोय. वय बावीस. मला मुलं नाहीत, मी स्वतः केविन होतो. गोळ्या, समुपदेशन, शाळा बदलणं, सगळं झालंय.

इथे सगळे आईबाप बोलतायत, म्हणून दोन गोष्टी. पहिली : झेल घेतलेला मला हवा होता. पाणवठा काका, तुम्ही म्हणता की तो झेल गिलसाठी होता. मला नाही तसं वाटत. आठ महिने काहीच जमत नव्हतं आणि एक दिवस मी एकटा बसने जाऊन परत आलो, तेव्हा बाबांनी काही विशेष झालंच नाही असा चेहरा ठेवला. समुपदेशकांनी त्यांना तसं सांगितलं होतं, दडपण येऊ नये म्हणून. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. त्यांनी नाचायला हवं होतं. चेहरा मी तसाही वाचतच होतो, त्यावर काही लिहिलेलं तरी असायला हवं होतं.

फळाताईंचं पण खरं आहे. पुढच्या आठवड्यात मला बस जमली नाही. पण तेव्हाही कुणी विचारलं नाही की आज काय झालं. दोन्ही दिवशी तोच कोरा चेहरा.

दुसरी : तुम्ही सगळ्यांनी झेलावर लिहिलं, मला लक्षात राहिलेला प्रसंग कुणीच काढला नाही. केविनचा दातांचा रिटेनर (दात जागेवर ठेवणारी काढघालीची तार) हरवतो आणि सगळं घर मिळून हॉटेलच्या कचऱ्यात तो शोधतं. केविन रडकुंडीला आलेला. आणि आणखी एका ठिकाणी तो गिलला विचारतो, मी मोठा झालो की तुम्ही काम करता तिथेच काम करू का, म्हणजे आपली रोज भेट होईल. मी हे दहाव्या वर्षी पाहिलं तेव्हा शेजारी बाबा बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पाणवठा :

रानवाट, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

आज रात्री तो चित्रपट मुलाबरोबर बघायचा विचार आहे. त्याला धाग्याबद्दल काही सांगणार नाही. झेलाचा प्रसंग आला की मी काय करेन ते मला ठाऊक नाही, पण चेहरा कोरा ठेवणार नाही. उद्या इथे लिहितो.